मागून आलेली हाक

रत्नमालाबाई आहेर शाळेत मुलांना न्यूटनचे नियम शिकवायच्या आणि घरी स्वतःचा एक नियम चालवायच्या. घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नाही. मारलीच कोणी, तर त्या माणसानं परत फिरायचं, घरात येऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. न्यूटनच्या नियमांना परीक्षेत पर्याय असायचा, बाईंच्या नियमाला नव्हता. नवरा हयात होता तेव्हा त्यानं या पाण्यापायी कितीतरी एसट्या चुकवल्या. मुलगा ओजस मोठा झाला, देशातल्या सगळ्यात अवघड यंत्राचा तंत्रज्ञ झाला, लग्न होऊन बाप झाला, तरी मागून हाक आली की निमूट परत येऊन बसायचा. आमच्या यंत्रापेक्षा आई कडक आहे, असं तो कोणालाही सांगायचा.

ते यंत्र भोरदरीच्या पठाराखाली होतं. वेगानं प्रवास करणारं घड्याळ सावकाश चालतं, हे विमानात घड्याळं ठेवून फार पूर्वीच तपासून झालं होतं. भोरदरीच्या केंद्रानं त्याच गोष्टीचा मोठा प्रयोग केला. अवकाशाला एक दोन तोंडांचं विवर पाडलं. एक तोंड वर दालनात स्थिर ठेवलं आणि दुसरं पठाराखालच्या गोल बोगद्यात प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करेल इतक्या जोरानं फिरवलं. बाहेर वर्षं उलटली, फिरणाऱ्या तोंडाच्या लेखी मात्र थोडेच दिवस गेले. ते थांबवून कोणी त्यातून आत शिरलं, की तो माणूस दालनातल्या तोंडातून बाहेर पडायचा, पण मागच्या कुठल्या तरी दिवशी. फिरवण्याचा वेग कमीजास्त करून तो दिवस ठरवता यायचा. आल्या वाटेनं परतही येता यायचं. यंत्र सुरू झालं त्या दिवसाच्या मागे मात्र जाता येत नव्हतं, कारण त्याआधी बाहेर पडायला दारच नव्हतं.

गंमत अशी झाली, की यंत्र सुरू झालं आणि इथून कोणाला पाठवायची तयारी व्हायच्या आतच पुढच्या काळातून माणसं येऊ लागली. पांढरा झगा घातलेली, तोंडावर जाळी ओढलेली, एक शब्द न बोलणारी. केंद्रातले लोक त्यांना पाहुणे म्हणायचे. पाहुणे यायचे, आवारात कुठेतरी आडोशाला उभे राहायचे, कोणाकडे तरी बघत बसायचे आणि परत जायचे. पहिल्या वर्षी एक पाहुणी कँटीनच्या आचाऱ्याकडे अख्खी दुपार बघत बसली. तो बिचारा लाजला, तिला भजी नेऊन दिली. पुढच्या वर्षी तो हृदयविकारानं गेला. मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे केव्हातरी ज्यांचं माणूस जाणार होतं, तेच मागे बघायला येत होते.

तेव्हापासून केंद्रात शिस्त लागली. पाहुणा दिसला की मान खाली घालायची, त्याच्याकडे बघायचं नाही. ओजसनं जेवताना हे सगळं घरी सांगितलं होतं. आमच्याकडे सगळ्यांना एकच भीती आहे, तो म्हणाला होता, पाहुण्यांत ओळखीचं माणूस निघू नये. आणि मग भाकरीचा तुकडा मोडत हसला होता.

आठ वर्षांपूर्वी ओजस गेला. रत्नमालाबाई त्या दिवशी भाच्याच्या लग्नाला देवळ्याला होत्या. केंद्राच्या वसाहतीतल्या घरी ओजस, त्याची बायको केतकी आणि तान्ही रेवा एवढेच. यंत्राला वीज पुरवणाऱ्या घाटाखालच्या वीजकेंद्रावर त्याची सकाळची पाळी होती. वडिलांची जुनी पेट्रोलची मोटरसायकल त्यानं हौसेनं जपली होती, तिच्यावरून तो निघाला. घाटाच्या दुसऱ्या वळणावर कांद्यानं भरलेली ट्रॉली उलटली ती नेमकी त्याच्या अंगावर. त्याच्या जरा पुढे निघालेले पाळीवरचे सोबती सुखरूप खाली पोचले होते.

ओजस रोज त्यांच्या बरोबरीनंच निघायचा, मग आज मागे कसा राहिला, असं कोणीतरी विचारलं. केतकी रडून रडून अर्धी झाली होती. तिनं सांगितलं, की तो निघाला होता, पण कोणा बाईची मागून हाक आली म्हणून परत आला, पाणी प्यायला आणि मग गेला. एवढं बोलून ती सासूकडे बघून गप्प झाली.

"घरात दुसरी बाई होती कोण?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

केतकीनं शपथ घेऊन सांगितलं, की मी हाक मारली नाही. बाईंचा विश्वास बसला नाही. आपण अंधश्रद्धाळू नाही, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. अपशकुनाचा प्रश्नच नव्हता, साधं गणित होतं. हाक आली नसती तर तो परत आला नसता, परत आला नसता तर ट्रॉली उलटायच्या आधी वळण ओलांडून गेला असता. हाक मारली ती मारली, वर कबूल करत नाही, याची चीड त्यांना जास्त होती. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर ते बोलून दाखवलं. केतकी लेकीला घेऊन येवल्याला माहेरी निघून गेली. तिला कोणी थांबवलं नाही आणि मागून हाकही मारली नाही. वसाहतीतलं घर सुटलं, रत्नमालाबाई देवळ्याला जाऊन राहिल्या. रेवा चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत गेली, ते सगळं बाईंना लोकांकडून कळलं.

दोन वर्षांपूर्वी केंद्रानं पाहुण्यांचा कार्यक्रम जाहीर केला. ज्यांचं माणूस पठारावर राहत होतं आणि आता नाही, त्यांनी एकदा जाऊन बघून यावं. रत्नमालाबाईंनी लगेच नाव दिलं. लोकांना वाटलं, बिचारी, लेकाला बघायला चालली. ते खरंच होतं. पण लेकाइतकंच त्यांना त्या घराच्या दाराकडे बघायचं होतं. केतकी दारात येते, तोंड उघडते आणि हाक मारते, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. मग तिच्यासमोर जाऊन उभं राहता आलं असतं. तिनं चूक कबूल केली असती, आपण मोठ्या मनानं माफ केलं असतं आणि नात परत मिळाली असती. सगळं ठरलेलं होतं, फक्त पुरावा तेवढा राहिला होता.

नंबर लागला तेव्हा केंद्राच्या प्रमुख डॉ. शबाना मोमीन यांनी त्यांना समोर बसवून चहा दिला. मूळच्या मालेगावच्या मोमीन मॅडम ओजसला ओळखत होत्या. त्यांनी आधी नेहमीचं कोडं सांगितलं. माणूस मागे जाऊन स्वतःच्या आजोबांना लहानपणीच मारून आला, तर तो जन्मणार कसा, आणि जन्मलाच नाही तर मारायला जाणार कोण. पूर्वी लोकांना वाटायचं, या कोड्यामुळे मागे जाणंच अशक्य आहे. प्रत्यक्षात उत्तर साधं निघालं. मागे जाता येतं, पण आजोबा मरत नाहीत. कारण ते मेले नव्हते.

बाई मुळातच शिक्षिका. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी जाऊन त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली तर?"

"काढून घेणार असतात, तर त्या दिवशीच घेतली असतीत. त्या दिवशी जे झालं, त्यात तुमचं जाणं धरलेलं आहे, आई. तो दिवस तुमच्याशिवाय एकदा आणि तुमच्यासकट एकदा, असा दोनदा होत नाही. एकदाच झाला."

"पण मला अडवणार कोण?"

"कोणी नाही. काळ कोणाचा हात धरत नाही. माणूस तिथं जाऊन जे करतो, ते मनापासून त्याचं तोच करतो. फक्त ते आधीच होऊन गेलेलं असतं." मॅडम पुढे म्हणाल्या, "एखादा मुद्दाम जातो, एखादा नुसता बघायला जातो. फरक काही पडत नाही. म्हणून सांगते, बोलू नका. बोलणाऱ्याला जास्त त्रास होतो."

रत्नमालाबाईंनी मान हलवली. त्यांना कुठं बोलायचं होतं? त्यांना दुसरीचं बोलणं ऐकायचं होतं.

दालनातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा त्यांना वास आला, ओल्या गवताचा आणि कँटीनमधल्या फोडणीचा. आठ वर्षांपूर्वीची सकाळ होती आणि ती इतर कोणत्याही सकाळीसारखीच होती, याचा त्यांना राग आला. केंद्रानं सोबत म्हणून दिलेली एक धिप्पाड बाई त्यांच्या बाजूनं चालत होती. वाटेत भेटणारे लोक माना खाली घालत होते. वसाहतीतल्या घरासमोर मेंदीचं कुंपण होतं, त्याच्या आडोशाला दोघी उभ्या राहिल्या.

घराच्या मागून पाण्याचा आवाज येत होता. केतकी रेवाला अंघोळ घालत होती आणि रेवा जीव खाऊन रडत होती. केतकी तिला समजावताना मधूनच हसत होती. इतकी हसरी होती ही पोरगी, हे रत्नमालाबाई विसरूनच गेल्या होत्या.

मग ओजस बाहेर आला.

त्या काय बघायला आल्या होत्या, ते त्यांना आठवेना. त्यानं शर्टाची बाही दुमडली, मानेला जरा झटका दिला, चपला काढून बूट घातले. बुटाची नाडी नीट बांधायचा त्याला लहानपणापासून कंटाळा, तशीच खोचली. आपला मुलगा जिवंत आहे, ही एवढी साधी गोष्ट बघायला त्या आठ वर्षं आसुसल्या होत्या आणि आता तिच्याकडे बघवत नव्हतं.

तो गाडीवर बसला. बाईंनी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. त्यानं किक मारली. मागच्या बाजूला केतकीचं पाणी ओतणं चालूच होतं. ती उठून पुढे येईल असं काही लक्षण दिसत नव्हतं. शेजारच्या घराला कुलूप होतं. सोबतीण तोंड मिटून उभी होती. आवारात दुसरी बाईच नव्हती.

शिक्षिकेचं डोकं, हिशेब लगेच सुटला. हाक मारणारी बाई इथंच, कुंपणाआड, पांढऱ्या झग्यात उभी होती.

क्षणभर त्यांना भीतीऐवजी आनंद झाला. किती सोपं होतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. हाक नाही, तर परत येणं नाही, पाणी नाही, उशीर नाही. मोमीन मॅडमचं शास्त्र गेलं खड्ड्यात. त्यांनी जाळीखाली हात घातला आणि झग्याची बाही दातांत गच्च धरली. जा बाळा, त्या मनात म्हणत राहिल्या, जा लवकर.

ओजसनं गाडी गिअरमध्ये टाकली. आणि त्यांना दिसलं, की स्टँड खालीच आहे.

नवीन गाड्या स्टँड वर केल्याशिवाय सुरूच होत नाहीत. ही जुनी. पुढे फाटकापाशी उतार होता, डावीकडे वळण आणि वळणाला लागून दगडी गटार. गाडी डावीकडे कलली की स्टँड जमिनीला अडकणार आणि तो डोक्यावर पडणार. आपल्याकडे रस्त्यात अनोळखी माणसाचं स्टँड खाली दिसलं, तरी चार जण ओरडून सांगतात. ओरडायचं की नाही, याचा कोणी विचार करत बसत नाही. गाडी कलली, स्टँड खडीवर खरखरलं.

"ओजस, स्टँड!"

बाही दातांतून केव्हा सुटली ते त्यांना कळलंच नाही. आवाज त्यांचाच होता. कोणी घसा दाबून काढून घेतला नव्हता, काळानं हात धरला नव्हता. मुलगा पडताना दिसला आणि आई ओरडली, एवढंच झालं.

ओजसनं करकचून ब्रेक लावला. पायानं स्टँड वर केलं. मग वळून त्यानं आधी घराच्या दाराकडे आणि मग कुंपणाकडे पाहिलं. मेंदीच्या वरून पांढरी जाळी दिसत असणार. तो बराच वेळ बघत राहिला. मग केंद्रातल्या शिस्तीप्रमाणे त्यानं हळूच मान खाली घातली, गाडी बंद केली आणि घरात गेला.

पाणी प्यायला गेला होता. त्यांनीच शिकवलं होतं तसं.

रत्नमालाबाई कुंपणातून घुसून त्याच्यामागे धावणार होत्या, पण काळ धरत नसला तरी सोबतीण हात धरत होती. बोलणाऱ्या पाहुण्याला ताबडतोब परत न्यायचं असा नियम होता. ती चांगली ताकदवान होती आणि रडतही होती. नेताना ती एवढंच म्हणत होती, चला मावशी, चला.

परत आल्यावर मोमीन मॅडम रागावल्या नाहीत. त्यांना माहीत होतं असं दिसलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी तो दूर सारला.

येवल्याला जाण्याचं धाडस व्हायला बरेच दिवस गेले. केतकी माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, रविवारी घरी सापडली. दार उघडून तिनं सासूला आत घेतलं, पण आई म्हटलं नाही. ओजससारखीच कपाळाची ठेवण असलेली एक मुलगी पाण्याचा पेला आणून ठेवून गेली आणि आतल्या दाराआडून बघत राहिली. रत्नमालाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. तेवढा हक्क आपल्याला राहिलेला नाही, असं त्यांना वाटलं. पेला तसाच राहिला.

त्यांनी सगळं सांगितलं. मेंदीचं कुंपण, रिकामं दार, स्टँड, हाक. शेवटी म्हणाल्या, "ती मी होते, केतकी. माझ्या पोराला मीच मारलं, आणि आठ वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली."

केतकी खिडकीबाहेर बघत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तो आत आला तो थेट खुर्चीत बसला. म्हणाला, आईनं हाक मारली, स्टँड राहिलं होतं. मी म्हटलं, आई देवळ्याला आहेत. तर हसला. म्हणाला, आई कुठूनही बघते. पाणी प्यायला. मग रेवाला तशीच ओली उचलून घेतली. सगळा शर्ट भिजला. मी ओरडले, पाळीला जायचंय ना, तरी सोडेना. तिच्या डोक्याचा वास घेत बसला. निघताना म्हणाला, मला कधी काही झालं तर आईला एकटीला टाकू नकोस. मला वाटलं, काय हे सकाळी सकाळी. पाहुण्यांचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. त्याच्या ते तिथल्या तिथं लक्षात आलं असणार. पाहुण्यांत ओळखीचं माणूस निघालं होतं."

रत्नमालाबाईंना त्याची खाली गेलेली मान आठवली. त्यांना ती शिस्त वाटली होती. त्यानं आईला नमस्कार केला होता.

"कधी, ते त्याला ठाऊक नव्हतं," केतकी म्हणाली. "आज, की वीस वर्षांनी. माणूस पाळी थोडीच बुडवणार?"

"तू तेव्हाच का नाही बोललीस? एवढे लोक जमले होते. मी तुला काय काय म्हटलं."

"काय सांगणार होते? तो तुमचा आवाज म्हणाला, असं? तुम्ही तर समोर बसला होता." तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "आणि पुढे कळल्यावर वाटलं, नको. दोष माझ्यावर होता तोवर तुम्ही उभ्या तरी होता."

रत्नमालाबाई रडल्या. इतकी वर्षं त्या रागानं रडत होत्या, हे रडणं वेगळं होतं. केतकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, की तुम्ही मला लोकांसमोर घराबाहेर काढलंत, ते मी विसरलेले नाही, आणि विसरेन असं आज सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, विसरू नकोस. त्यांना त्याहून काही मागायचं नव्हतं.

त्या उठल्या. दाराबाहेर चपला सरकवल्या आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागल्या. ओजसनं सांगितलेलं केतकीला पाळू न देणाऱ्याही आपणच, असा विचार त्यांच्या मनात आला, तो मागे टाकता येईना. अंगणातून रस्त्याला लागल्या.

"आई."

हाक मागून आली होती. केतकी दारात उभी होती.

रत्नमालाबाई वळल्या, पायऱ्या चढल्या आणि आत येऊन त्याच खुर्चीत बसल्या. रेवाला याचं नवल वाटलं. आजी निघाली होती ना, मग परत का आली, असं तिनं आईला विचारलं. केतकीनं तिला सांगितलं, की आपल्या घरात तसा नियम आहे.

पेला अजून तिथंच होता. रत्नमालाबाईंनी तो उचलला आणि सावकाश पाणी प्यायल्या. उठायची त्यांना घाई नव्हती आणि कोणी उठायला सांगतही नव्हतं.